आमची भिशी आणि टीव्हीतलं घर

घराचं काम काढलं की दारासमोर मलबा पडतो. विटांचे तुकडे, उखडलेल्या फरश्या, एखादं फुटकं कमोड. तो उचलून नेण्याचा खर्च कोणीच धरलेला नसतो, म्हणून तो महिनोन् महिने तिथंच पडून राहतो. आमच्या भिशीतले किस्से असेच साचलेत. म्हटलं, आपणच चार घमेली भरून बाहेर टाकावी.

आधी भिशीचं सांगते. अमरावतीला साईनगरात आम्ही दहा-बारा बायका आहोत. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम घ्यायची. पुढच्या महिन्याची भिशी तिच्याच घरी. नियम साधा आहे, पण सगळा घोळ ह्या नियमातच आहे. जिला पैसे मिळाले तिच्या घरी महिनाभरात सगळ्या जमणार, चिवडा खाता खाता चारी बाजूंनी पाहणार. मग पैसे कुठं गेले ते दिसायला नको? पूर्वी कुकर दिसायचा, मिक्सर दिसायचा, फार तर नवा सोफा. मग टीव्हीवर तो घर बदलून देणारा कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या बायका भिंतींवर घसरल्या.

त्या कार्यक्रमात नवरा-बायकोला हॉटेलात पाठवतात. इकडं तोडफोड होते, गाणं वाजतं, जाहिराती होतात. मग दोघांना डोळ्यांवर पट्टी बांधून आणतात, पट्टी सोडतात आणि बाई रडते. मीसुद्धा पाहते, खोटं कशाला बोलू? पण त्यातला मिस्त्री कधी साळ्याच्या लग्नाला गेलेला मी पाहिला नाही. फरशीचा डबा कमी पडून दुकानात तो रंगच संपलाय, असंही होत नाही. आणि पैसे कोणी भरले, ते तर शेवटपर्यंत सांगत नाहीत.

मी बांधकाम खात्यात कारकून होते. जन्मभर इस्टिमेटं टाइप केली. त्यामुळे दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्यात. एक, दहा रुपयांत होईल वाटतं ते काम तेरा रुपये खातंच, तेव्हा वरचे तीन आधीच बाजूला ठेवा. दोन, पहिले गळती, वायरिंग, पाइप. शोभेचं सगळ्यात शेवटी. हे मी भिशीत इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की कोणीतरी माझ्या हातात चिवड्याची प्लेट देतं.

ह्या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो मंगलात. मंगला म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एक कुंपणाची भिंत, तीही कमरेएवढी. तिचे मिस्टर दिलीपभाऊ वलगावच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. एकुलता एक पोरगा, निखिल, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. एकदा फोनवर तो बोलून गेला की आई, आता घरूनच काम असतं, अमरावतीला राहूनही करता येईल. बोलून गेला बिचारा. मंगलानं ते पदराला गाठ मारून ठेवलं. पण दिवाळीत येऊन तो तिसऱ्या दिवशी परत जायचा, आणि मंगलाच्या मनानं घेतलं की सूनबाईला आपलं जुनं घर आवडत नाही म्हणून तो राहत नाही. घर टीव्हीतल्यासारखं केलं की येईल. एवढंच तिला पाहिजे होतं, पोरगा घरी यावा.

*

पहिला नंबर शोभाचा लागला. शोभाचा नवरा एस.टी.त कंडक्टर, माणूस हसरा. शोभानं भिशीचे पैसे घेतले आणि हॉलला फॉल्स सीलिंग केलं. कडेनं निळे दिवे, मधे पिवळे दिवे, एक बटण दाबलं की जांभळे. कारागीर म्हणाला, वैनी, एसी लावणार असाल तर पाइपाचं भोक आताच पाडून ठेवतो, नंतर तोडफोड नको. शोभाला पटलं. भोक पाडलं. एसीचे पैसे मात्र दिव्यांत गेले होते.

आम्ही भिशीला गेलो. जांभळा दिवा लागला, सगळ्यांनी वा वा केलं. तेवढ्यात वरून बारीक आवाज यायला लागला. पहिले वाटलं कोणाचा मोबाइल आहे. मग तो दोन ठिकाणांहून यायला लागला. मंगलानं मान वर केली आणि हळूच म्हणाली, “शोभे, तुह्या सीलिंगमंदी मांजर व्याली वं.”

एसीच्या भोकातून मांजर आत गेली होती! थंड, अंधार, कोणाचा त्रास नाही, बाळंतपणाला इतकी चांगली जागा तिला कुठं मिळणार? शोभाचा नवरा स्टुलावर चढला, कान लावून बसला आणि खाली उतरून मला म्हणाला, “कुंदाताई, टीव्हीवाल्याईच्या गावात मांजरी नसतात काय?”

शेवटी सीलिंगला चौकोनी तुकडा कापून पिल्लं काढावी लागली. तो तुकडा परत बसवायला पैसे नव्हते, म्हणून तिथं कॅलेंडरचा पुठ्ठा लावला. दिवे अजून लागतात. पुठ्ठ्यावरच्या लक्ष्मीवर जांभळा उजेड पडतो.

त्या दिवशी परत येताना मंगला मला म्हणाली की शोभाचं चुकलंच, एसी आधी घ्यायला पाहिजे होता. मी म्हटलं, अगं, तो स्लॅब गळतो तिचा, तो आधी करायला पाहिजे होता. पण मंगलाच्या डोक्यात एसीच गेला.

*

वैशाली आमच्यातलीच, पण नवऱ्याची बदली झाली आणि अकोल्याला गेली. भिशी मात्र सोडली नाही. दर महिन्याला गाडीनं येते, आणि तिचं नाव निघालं की आम्ही सगळ्या अकोल्याला जातो. तेवढीच सहल.

तिचं नाव निघालं नेमकं एप्रिलमध्ये. तिनं नागपूरच्या एका डिझायनर मुलीकडून समोरची खोली करून घेतली होती. समोरची पूर्ण भिंत काचेची. न उघडणारी, जमिनीपासून छतापर्यंत. आत पांढरा सोफा, पांढरे पडदे, एक वाकडातिकडा दिवा. मी दारातच थबकले. इतकी सुंदर खोली मी अकोल्यात पाहिली नव्हती.

मग आम्ही आत गेलो. मे महिन्याच्या तोंडावर अकोला काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं की आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं कूलरच्या भरवशावर जगतात. खिडकीच्या बाहेर स्टँड, स्टँडवर लोखंडी कूलर, त्यात वाळ्याची ताटी आणि पाणी. खिडकी म्हणजे आमच्यासाठी कूलरचं तोंड बसवायची जागा. अन् वैशालीकडं खिडकीच नव्हती! डिझायनर मुलीनं कूलर धरलाच नव्हता. तिच्या चित्रात एसी होता. एसी घेतलाही होता, पण दुपारी अकोल्याचं व्होल्टेज पडलं की तो नुसता चिंव चिंव करायचा.

पाच मिनिटांत बायकांचे चेहरे लाल झाले. दहा मिनिटांत सगळ्या पदरानं वारा घ्यायला लागल्या. वैशाली बिचारी सरबतावर सरबत आणत होती. शेवटी समोरच्या घरातल्या बाईंनी रस्ता ओलांडून येऊन आम्हाला बोलावलं. त्यांचं साधं दोन खोल्यांचं घर, पण खिडकीत हा एवढा मोठा कूलर. आम्ही सगळ्या त्याच्यापुढं दाटीवाटीनं बसलो. चिठ्ठी तिथंच काढली, कचोरी तिथंच खाल्ली. समोर रस्त्यापलीकडं वैशालीची काचेची खोली झगमगत होती. त्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या, “घर लय सुंदर दिसते वो तुमचं, आमच्या घरून.”

वैशाली हसली. पण गाडीवर सोडायला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ह्या खोलीपायी स्वयंपाकघरातल्या ओलीचं काम राहूनच गेलं. मला फार वाईट वाटलं.

मंगलानं परतीच्या गाडीत काय निष्कर्ष काढावा? डिझायनर बाहेरगावचा घेऊ नये. आपला अमरावतीचाच बरा.

*

आता माझंच घर सोडलं तर बरं दिसणार नाही. आमच्या ह्यांनी गच्चीवर हिरवं प्लास्टिकचं गवत टाकलं. कार्यक्रमात एका अभिनेत्याच्या गच्चीवर होतं म्हणे. मी म्हटलं, गच्चीला आधी वॉटरप्रूफिंग करा. तर म्हणाले, गवताखाली दिसणार थोडीच आहे.

उन्हाळ्यात मी सवयीनं गच्चीवर मुगाच्या वड्या घातल्या. साडी अंथरली होती, पण वाऱ्यानं सरकली. संध्याकाळी गेले तर अर्ध्या वड्या गवताला चिकटलेल्या. उन्हानं गवतही मऊ पडलं होतं. खरवडून काढल्या, टाकवेनात. मग एका रविवारी भाजी केली. हे जेवता जेवता थांबले, दातातून काहीतरी ओढलं आणि म्हणाले की कोथिंबीर जरा जून आहे का आज?

मी अजून एक वाटी वाढली. जेवू दिलं.

*

आमच्यात एक ज्योती आहे. सरकारी दवाखान्यात नर्स. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, पाच भावंडांना शिकवून त्यांनी उभं केलं. ज्योतीला एक सवय आहे, ती पैसे हातात आल्याशिवाय खर्च करत नाही आणि खर्च केल्यावर बोलत नाही. तिचं नाव निघालं तेव्हा आम्ही मोठ्या हौसेनं तिच्याकडं गेलो. हॉल तसाच. सोफा तसाच. भिंतीचा रंग तोच, पोपटी. बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती, टेबलावर पोहे. आम्ही इकडं तिकडं पाहतोय.

शोभानं शेवटी विचारलंच, काय केलं वो पैशाचं? ज्योती म्हणाली की चला, दाखवते. आम्ही रांगेनं तिच्या मागं. तिनं बाथरूममध्ये नेऊन नळ सोडला. धो धो पाणी आलं. मग स्वयंपाकघरात नेऊन तिथला सोडला. मग एक बटण दाबून सगळे पंखे, गिझर आणि मिक्सर एकदम चालू करून दाखवले. फ्यूज उडाला नाही.

“झालं,” ती म्हणाली. “पाइप अन् वायर, भिशीचे अन् साठवलेले मिळून. सगळं भिंतीत आहे. उरले ते बँकेत ठेवले, पुढच्या वर्षी रंग.”

आम्ही पोहे खाल्ले आणि निघालो. बाहेर आल्यावर सगळ्या किती हसल्या! पंधरा दिवस गल्लीत तेच. कोणाकडं गेलं की बसा, तुम्हाला नळ दाखवते. मंगला सगळ्यात जास्त हसली होती. त्या दिवशी तिनं ज्योतीचा नळ नीट पाहिला असता, तर आज ती गुडघे धरून जिन्याखाली उभी राहिली नसती.

*

हो, गुडघ्यांचं सांगायचं राहिलं. दिलीपभाऊंच्या रिटायरमेंटच्या पैशातला एक भाग मंगलाच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, फार लांबवू नका.

मंगलाचं नाव निघालं. भिशीची रक्कम म्हणजे घराच्या कामात किती? एका बाथरूमचं काम नीट होईल एवढी. मी तिच्याकडं जाऊन बसले. म्हटलं, ह्याच्यात एकच बाथरूम कर, निखिलच्या खोलीतलं. कमोड बसव, गिझर लाव, ओल काढ. सूनबाईची अडचण असेल तर तीच असेल. बाकी हात लावू नको. मंगला हो म्हणाली. दिलीपभाऊही हो म्हणाले. दोघांनी मला चहा पाजला.

आठ दिवसांनी डिझायनर आला. अमरावतीचाच होता, मंगलाचा शब्द पाळून. चांगला मुलगा, नम्र. त्यानं लॅपटॉपवर घराचं चित्र दाखवलं. हल्ली ते घर होण्याआधीच दाखवतात, आत फिरल्यासारखं. मला मंगलानं कुंपणावरून हाक मारून बोलावलं. चित्रात हॉल होता, राखाडी सोफा होता, आणि चित्र जिवंत वाटावं म्हणून त्या सोफ्यावर एक तरुण माणूस बसवलेला होता. मांडीवर लॅपटॉप, पायात घरातल्या चपला.

मंगला चित्राच्या अगदी जवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला.

“निखिलसारखाच दिसते नाई?” ती म्हणाली.

दिसत नव्हता. निखिल काळासावळा, हा गोरापान. डिझायनरनं पुढच्या खेपेला खर्च थोडा कमी करून नवीन चित्र आणलं. सोफा साधा केला होता, दिवे कमी केले होते आणि तो माणूसही काढला होता. मंगलानं पूर्ण पाहिलं आणि विचारलं, “थो पोरगा कुठी गेला?” तो म्हणाला, काकू, तो असाच असतो, शोभेला. मंगलाला ते चित्र आवडलं नाही. तिनं पहिलंच पसंत केलं, महागातलं.

दिलीपभाऊंना मी दारात गाठलं. म्हटलं, भाऊ, हे तेरा रुपयांवर थांबणार नाही, हे वीसवर जाईल. थांबवा तिला. ते बराच वेळ चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती. मग म्हणाले, “कुंदाताई, तिनं आजवर मले एक गोष्ट मागतली नाई. आता मागून राहिली त काहून नाई म्हणू?”



*

काम सुरू झालं आणि जे व्हायचं ते झालं. फरशी उखडली तर खाली काळी माती हललेली निघाली. आमच्याकडं जमीनच अशी, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगते. तिचा वेगळा खर्च निघाला. मिस्त्री साळ्याच्या लग्नाला गेला. वरच्या मजल्यावर निखिलची खोली वाढवली, तर जिना बदलावा लागला. नवा जिना देखणा झाला, पण उभा. गुडघ्यांचे पैसे त्या जिन्यात गेले. मंगला खालून वर पाहायची आणि म्हणायची, मले काय करायचं वर जाऊन, त्याईची खोली हाय.

पोर्चमधली बंगई, म्हणजे दिलीपभाऊंचा झोपाळा, डिझायनरला नको होती. थीममध्ये बसत नाही म्हणाला. फेकून कशी द्यायची? मग ती आमच्या पोर्चमध्ये आणून टांगली. आता बंगई आमच्याकडं असते आणि संध्याकाळी दिलीपभाऊही. नव्या घरात सुख नाही का, असं आमच्या ह्यांनी थट्टेनं विचारलं तर म्हणाले की आहे ना, पण बसायची भीती वाटते, सोफा पांढरा पडला.

मी म्हटलं, भाऊ, राखाडी ठरला होता ना? म्हणाले, राखाडी संपला होता.

*

दसरा होऊन गेला तेव्हा घर झालं. खरं सांगते, सुंदर झालं होतं. जुनं अंधारं स्वयंपाकघर होतं, त्याची हॉलकडची भिंत पाडून ओपन किचन केलं होतं. मधे फक्त एक ओटा, कमरेएवढा. ओढलं की हळूच आपोआप बंद होणारे ड्रॉवर. पहिल्या दिवशी मंगलानं मिरचीचा ठेचा केला तर हॉलमध्ये बसलेले आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो. मंगला म्हणाली, चिमणी बसवायची राहिली, पैसे आले की बसवू. तेव्हापासून ती ठेचा मागच्या अंगणात शेगडीवर करायची.

निखिल आणि सूनबाई ऋतुजा दिवाळीला आले. मंगलानं आम्हा चौघींना मुद्दाम बोलावलं होतं, मला, शोभाला, ज्योतीला, आणि वैशालीही अकोल्याहून आली. कामाचा एकही फोटो तिनं पोराला पाठवला नव्हता. इतके महिने एवढंच सांगितलं होतं, थोडा रंग देऊन राहिलो. गेटजवळ ऑटो थांबली आणि मंगला पदराखालून एक नवी ओढणी काढून पुढं गेली. निखिल म्हणाला, आई, हे काय? पण त्यानं बांधू दिली. दिलीपभाऊंनी त्याचा हात धरला, मंगलानं दुसरा. ऋतुजा मागून हसत हसत फोनवर व्हिडिओ काढत होती. दोघांनी त्याला पायरी पायरी सांगत आत आणला, लहानपणी चालायला शिकवताना धरत असतील तसा, आणि हॉलच्या मधोमध उभं करून ओढणी सोडली.

निखिल बघतच राहिला. त्यानं आईला मिठी मारली. मग सगळं घर फिरला. वर गेला, खाली आला, ड्रॉवर ओढून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, फरशीवर टाच आपटून पाहिली. ऋतुजा म्हणाली, आई, किती सुंदर केलंय, आमचा पुण्याचा भाड्याचा फ्लॅट ह्याच्यापुढं काहीच नाही. मंगला माझ्याकडं बघत होती. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत तिला मी इतकी खूश पाहिली नव्हती.

निखिल सोफ्यावर बसला. आम्ही सगळे बसलो. त्याचा चेहराही उजळला होता, मनावरचं काहीतरी उतरल्यासारखा. तो आता पुण्यासारखं बोलतो. म्हणाला, “बाबा, मला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. पण आता बरं झालं. आम्ही तिकडं मोठा फ्लॅट बघितलाय, तुमच्या दोघांसाठी वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांचं तिकडंच करू. जुन्या घराला इथं कोण विचारणार होतं? आता ह्याला चांगला भाव येईल.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. देवाशपथ सांगते, पोरगं प्रेमानंच बोलत होतं.

दिलीपभाऊंनी पंख्याकडं पाहिलं. मंगला उठली आणि म्हणाली, “चहा ठेवते.”

ती ओट्यापलीकडं गेली आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. जायला दुसरी जागाच नव्हती. पातेलं घेतलं, ठेवलं. एक ड्रॉवर ओढला, तो हळूच आपोआप बंद झाला. दुसरा ओढला, तोही बंद झाला. तिचे खांदे हलायला लागले. सोफ्यावरून सगळं दिसत होतं.

पहिले ज्योती उठली. गेली आणि ओट्याच्या अलीकडं, सोफ्याकडं तोंड करून उभी राहिली, नुसती. मग वैशाली तिच्या बाजूला. मग शोभा, पदर जरा पसरून. मी उरलेल्या जागेत जाऊन उभी राहिले.

“आई, चहा झाला का?” निखिलनं विचारलं.

मागं गॅस अजून पेटलेला नव्हता.

“होऊन राहिला बाबू,” मी म्हटलं. “तू बस.”